पुंगळीचा हिशेब

बेळगावात कॅम्पापासून हिंडलगा-गणेशपूरपर्यंत निवृत्त जवानांची घरं पुष्कळ. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथं असल्यानं गल्लीला एखादा हवालदार, एखादा सुभेदार असतोच. त्यांच्यापैकी कुणालाही चांदमारीच्या दिवसांबद्दल विचारून बघा. आधी नेमाच्या बढाया येतील, पण दुसऱ्या चहाला गोष्ट पुंगळीवर येऊन थांबेल. आमच्या शेजारच्या हवालदार काकांची गोष्ट अशीच. एका सरावाला एक पुंगळी कमी भरली. गोळी उडाली होती, पितळेचं रिकामं टरफल तेवढं हरवलं होतं, म्हणजे भंगारातही ज्याला दोन रुपये येणार नाहीत अशी वस्तू. ती सापडेपर्यंत अख्खी तुकडी गुडघाभर गवतात हातानं चाचपडत होती. काका सांगतात, "जेवण नाही, पाणी नाही. साहेब म्हणाला, रात्र झाली तर बत्त्या आणू, पण मोजणी जुळल्याशिवाय गाडी हलणार नाही."

मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही. देशात सगळ्यांत जास्त बंदुका हाताळणारी माणसं उडालेल्या गोळीचंसुद्धा टरफल मोजतात आणि बाकीचा समाज न उडालेली, जिवंत गोळी कुठं गेली हेही विचारत नाही. मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यातच आलं, पण त्याला थोडी आकडेमोड जोडावी लागेल.

बंदुकीच्या हिंसेची आकडेवारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं अमेरिका येते. शाळेत शिरलेला पोरगा, मॉलमधली पळापळ, आणि टीव्हीवर त्याचं मराठीकरण, 'अंदाधुंद गोळीबार'. तिथं या घटनांची मोजदाद करणाऱ्या संस्थाही बऱ्याच आहेत. गंमत अशी की त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. गन व्हायोलन्स अर्काइव्ह ही संस्था हल्लेखोर सोडून चार किंवा अधिक माणसांना गोळी लागली, मग ती मेलेली असोत वा जखमी, की तो सामूहिक गोळीबार धरते. तिच्या हिशेबानं २०२० ते २०२३ या प्रत्येक वर्षी असे सहाशेहून अधिक प्रकार घडले. मदर जोन्स हे मासिक सार्वजनिक ठिकाणी तीन किंवा अधिक माणसं ठार झाली तरच नोंद करतं, टोळीयुद्ध आणि घरातली भांडणं वगळतं. त्यांचा वर्षाचा आकडा डझनाच्या पुढं क्वचितच जातो. तोच देश, तीच वर्षं, पण एका चाळणीत सहाशे अडकतात आणि दुसरीत फार तर डझनभर.

आणि दोन्ही चाळण्यांतून खाली पडणारी रास सगळ्यांत मोठी आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. ज्या गोळीबारांवर जगभर चर्चा झडते, त्यांत मेलेले या राशीत शेकड्याला दोनही भरत नाहीत. बंदूक माणसांना थव्यानं क्वचित मारते. बहुतेकदा ती एकेकट्याला, घराच्या भिंतीआड मारते, आणि एकेकट्याची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते.

आता हीच चाळणी आपल्याकडच्या चार खुनांना लावून बघू. २० ऑगस्ट २०१३, पुणे, डॉ. नरेंद्र दाभोलकर. १६ फेब्रुवारी २०१५, कोल्हापूर, सकाळी फिरून घराकडं परतणारे गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई. पानसरे चार दिवसांनी गेले. ३० ऑगस्ट २०१५, धारवाड, आपल्याच घराच्या दारात डॉ. एम. एम. कलबुर्गी. ५ सप्टेंबर २०१७, बंगळूर, गौरी लंकेश. नकाशा काढून बसा. कोल्हापूर आणि धारवाड ही दोन शहरं एकाच महामार्गावर आहेत आणि त्यांच्या मधोमध निपाणी आणि बेळगाव आहे. अमेरिकेतली कुठलीही व्याख्या लावा, यातला एकही प्रकार 'सामूहिक' ठरत नाही. चार गावं, चार तारखा, चार स्वतंत्र गुन्हे, दोन राज्यांचे पोलीस. घटनेनं मोजलं की ते सुटे सुटे दिसतात.

शस्त्रानं मोजा, मग चित्र पालटतं. चारही ठिकाणी ७.६५ मिलिमीटरचं गावठी पिस्तूल वापरल्याचं तपासात पुढं आलं. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्यावर चाललेलं पिस्तूल एकच होतं, असा निष्कर्ष कर्नाटकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेनं गोळ्या आणि पुंगळ्या ताडून काढला. म्हणजे धारवाडच्या दारात पडलेल्या पितळेच्या तुकड्यावर जो ओरखडा होता, तोच दोन वर्षांनी बंगळुरात पडलेल्या तुकड्यावर होता. आणि पिस्तूल चालवायचा सराव खानापूर तालुक्यातल्या रानात झाला, असं कर्नाटकच्या विशेष तपास पथकाचं म्हणणं आहे. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. पुण्याच्या विशेष न्यायालयानं १० मे २०२४ ला दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं. मला इथं आरोपींच्या नावांशी कर्तव्य नाही. मला त्या रानात पडलेल्या पुंगळ्यांशी आहे. सराव म्हणजे एकदोन गोळ्यांत होत नाही. आमच्या जिल्ह्याच्या रानात बार निघत होते, काडतुसं संपत होती, नवी येत होती. आमच्या हवालदार काकांच्या तुकडीला एका टरफलासाठी उपाशीपोटी गवतात चाचपडायला लावणाऱ्या याच जिल्ह्यात या काडतुसांचा हिशेब कुणीच मागितला नाही.

इथं एक हरकत मला माझ्याच माणसांकडून ऐकायला मिळते आणि तिला उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सीमाभागातल्या माणसाला 'शस्त्रं सरकारकडेच राहू द्या' हे सांगणं सोपं नाही. आमच्याकडं माणसं थव्यानं गोळ्यांना बळी पडली ती सरकारी बंदुकांच्या. १७ जानेवारीला दरवर्षी आम्ही सीमालढ्यातल्या १९५६ च्या हुतात्म्यांना वंदन करतो. १९८१ च्या एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि डझनभर शेतकरी गेले. शरद जोशींच्या आंदोलनाचा इतिहास लिहिताना त्या ६ एप्रिलला वळसा घालता येत नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा तेच. हिंडलग्याचं स्मारक त्याची साक्ष आहे. अशा मातीत वाढलेला माणूस म्हणतो, की त्यांच्याकडं बंदूक आणि आम्ही रिकाम्या हातानं, हा कुठला न्याय?

प्रश्न खोटा नाही. त्याला इतिहासही आहे. इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा आणला तेव्हा एका अख्ख्या देशाला निःशस्त्र केल्याचा अपमान आपल्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षं बोलून दाखवला. पण निपाणीच्या त्या दिवशी शेतकऱ्यांच्या हाती बंदुका असत्या तर काय झालं असतं, याचा विचार करा. मृतांचा आकडा डझनावर थांबला नसता आणि 'शेतकरी शांत बसले होते' हे जे एकच सत्य आजही त्यांच्या बाजूनं उभं आहे, तेही उरलं नसतं. शिवाय पोलिसांनी गोळ्या किती झाडल्या हा प्रश्न तरी आपण विचारू शकतो, कारण शस्त्रागारातून निघालेल्या प्रत्येक फैरीची नोंद असावी लागते. चौकशीची मागणी त्या नोंदीवर उभी राहते. नोंद खोटी असेल, तर खोटं पकडायलाही नोंदच लागते. सरकारच्या गोळीचा हिशेब मागायचा हक्क आपण याच पायावर मिळवला आहे, आणि स्वतःच्या गोळीचा हिशेब द्यायची वेळ आली की मात्र आपल्याला इंग्रजांचा जुलूम आठवतो.

स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेनं २०१८ मध्ये जगातल्या खासगी बंदुकांचा अंदाज मांडला. भारतात सुमारे ७ कोटी ११ लाख, त्यातल्या कागदावर ९७ लाख. म्हणजे सातातल्या सहा बंदुका सरकारच्या वहीत नाहीत. गृहखात्याच्या आकडेवारीत २०१६ अखेर देशभरात ३३ लाख ६९ हजार परवाने होते. एका परवान्यावर तेव्हा तीन शस्त्रं ठेवता येत, हे लक्षात घेतलं तर दोन्ही आकडे अगदीच विसंगत वाटत नाहीत. त्यात एकट्या उत्तर प्रदेशचे १२ लाख ७७ हजार, कर्नाटकचे १ लाख १३ हजार आणि महाराष्ट्राचे ८४ हजार. कर्नाटकात कोडगूचे कोडव आणि जम्मा जमीनधारक यांना तर इंग्रजांच्या काळापासून परवान्यातूनच सूट आहे, आणि २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली.

मग लगेच म्हटलं जातं, सातातल्या सहा बंदुका बेकायदा असतील तर परवानेवाल्यांच्या मागं लागून काय उपयोग? गुंड काय परवाना काढून खून करतो? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद गोळीपाशी येऊन अडतो. गावठी पिस्तूल लेथवर, कानशीनं, पत्र्याच्या शेडमध्ये बनतं. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, बिहारचं मुंगेर ही नावं महाराष्ट्राच्या पोलिसांना पाठ आहेत. पण काडतूस तसं बनत नाही. पितळेचं नेमक्या मापाचं टरफल, बुडातली टोपी, आतली दारू, याला कारखाना लागतो. ७.६५ हे माप नागरिकांना परवान्यावर मिळणाऱ्या हत्यारांचं आहे, त्याची काडतुसं सरकारी कारखान्यातून निघतात, परवानाधारक दुकानातून विकली जातात. बेकायदा पिस्तुलाची नळी याच मापाची का असते? कारण काडतूस बाजारात आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं उमटवलेली असतात. बेकायदा पिस्तुलासोबत सापडणारं काडतूस मात्र बहुधा अगदी कायदेशीर घरात जन्मलेलं असतं. ते कुठल्या तरी दुकानाच्या, कुठल्या तरी परवान्याच्या वहीतून गळून तिथं पोचलेलं असतं. म्हणून परवान्याची शिस्त म्हणजे सज्जनांचा छळ नव्हे. ती गळती जिथं होते त्या नळाची दुरुस्ती आहे.

ब्राझीलनं हे ओळखलं होतं. तिथल्या २००३ च्या निःशस्त्रीकरण कायद्यानं पोलीस आणि लष्कराला विकल्या जाणाऱ्या काडतुसांवर लॉटचा क्रमांक कोरणं सक्तीचं केलं. १४ मार्च २०१८ ला रिओमध्ये नगरसेविका मारिएल फ्रँको यांचा खून झाला. जागेवर पडलेल्या पुंगळ्यांवरचा क्रमांक वाचला गेला आणि तो लॉट २००६ मध्ये तिथल्या संघीय पोलिसांनाच विकलेला निघाला. पोलिसांच्या कोठारातली गोळी एका लोकप्रतिनिधीच्या अंगात कशी गेली, हा प्रश्न सरकारला अंगावर घ्यावाच लागला. आपल्याकडं गाईच्या कानात बिल्ला असतो, गॅसच्या टाकीवर क्रमांक असतो, परवान्यालाही आता राष्ट्रीय यादीतला क्रमांक आहे. काडतूस मात्र निनावी. प्रत्येक लॉटचा क्रमांक, विक्रीच्या वेळी तो परवान्यावर चढवणं, आणि रिकामी पुंगळी परत केल्याशिवाय नवं काडतूस नाही. मागणी एवढीच आहे. चांदमारीच्या गवतात लागू असलेला नियम बाजारपेठेतल्या दुकानात आणायचा.

कायदा अगदीच झोपलेला नाही, हेही सांगायला हवं. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात एकच होतं. विरोध झाला आणि एकाची दोन झाली. वरातीत, जल्लोषात बेफिकिरीनं बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आला. पण त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. माणूस पाच वर्षांत पुरता बदलतो. दारू लागते, कर्ज चढतं, भाऊबंदकी पेटते, मन ढासळतं. आणि या सगळ्या काळात कपाटावरच्या बंदुकीकडं कुणी बघायला येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली आणि अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेत नाही, हे स्पष्ट केलं. आपल्याकडं बंदूक ही सवलत आहे. सवलतीला अटी घालता येतात.

"पण बंदूक मारत नाही ओ, माणूस मारतो." हे वाक्य मी खडेबाजारातल्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकलं आहे. त्यावर मी अमेरिकेचं उदाहरण देत नाही, औषधाचं देतो. आमच्या भागात 'औषध प्यायला' याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. गोठ्यात, माळ्यावर कीटकनाशकाची बाटली हाताशी असते आणि रागाचा, निराशेचा तो अर्धा तास निघून जायच्या आत माणूस जातो. श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. १९९५ च्या सुमारास तिथं आत्महत्येचं प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या देशांत होतं. पुढच्या वीस वर्षांत ते सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. माणसांची दुःखं सत्तर टक्क्यांनी कमी झाली नव्हती. बाटली हाताशी नव्हती, एवढंच. विष हाताशी नसलं की माणूस वाचतो हे आपल्याला पटतं, मग बंदुकीपाशीच आपली अक्कल का अडते?

ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसानं पस्तीस जणांना मारलं. बारा दिवसांत केंद्र आणि राज्यं एका करारावर आली, झटपट गोळ्या सोडणाऱ्या बंदुका बाद झाल्या, सरकारनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. आधीच्या अठरा वर्षांत तिथं पाच किंवा अधिक बळी घेणारे तेरा गोळीबार झाले होते. नंतरची बावीस वर्षं एकही नाही. कायद्यानं माणसातलं पाप धुतलं असा दावा कुणी करत नाही. पण बावीस वर्षं म्हणजे एक पिढी.

खानापूरच्या शेतकऱ्याकडं मी हे बोललो तर तो आधी मला त्याच्या उसात नेईल. रानडुकरांनी रात्रीत लोळवलेला फड दाखवेल. जांबोटी-कणकुंबीकडं गवे भातात उतरतात, भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत हे रोजचं आहे. त्याची ठासणीची बंदूक किंवा बारा बोअर मिरवायची नाही, ती बुजगावण्याची मोठी बहीण आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि नेमकं तेव्हाच पीक उभं असतं. ही तक्रार रास्त आहे. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेऊ नका, प्रत्येकाचा विचार करा, असं न्यायालयांनीही सांगितलं आहे. वनखात्यानं भरपाई वेळेवर दिली, कुंपणाला मदत केली, तर यातल्या निम्म्या बंदुका गंजून जातील असं माझं मत आहे. कडक नियमन म्हणजे शेतकऱ्याला दरडावणं असं कुणी समजू नये. माझा रोख दुसरीकडं आहे.

रोख आहे तो वाढदिवसाकडं. भर चौकात फ्लेक्स, त्यावर गॉगल घातलेले दहा 'भाऊ', टेबलावर केक आणि तो कापायला तलवार. तलवारीचं पिस्तूल व्हायला फार वेळ लागत नाही. मोबाइलवरच्या रील्समध्ये कमरेचा दस्ता दाखवत चालणारी पोरं बघा, मागं गाणं कुठल्या तरी महापुरुषाचं. पोलिसांनी उचलल्यावर हीच पोरं हात जोडून 'खेळण्यातलं होतं' म्हणतात. दसऱ्याला शस्त्रपूजा आमच्याकडंही होते. विळा, कोयता, पाना, शिलाई मशीन, सगळ्याला झेंडू वाहतात. ज्यानं पोट भरतं त्याची ती पूजा. त्या पाटावर बारा बोअरशेजारी पिस्तूल ठेवून फोटो काढायची टूम अलीकडची आहे, आणि तो फोटो देवासाठी काढलेला नसतो. गावात चार माणसांनी घाबरावं ही ज्याची इच्छा आहे त्याला आपण 'वजनदार' म्हणतो. त्याच्याकडं परवान्यासाठी आमदाराचं पत्र असतं, आणि मुलीचं स्थळ बघायला गेलेला बाप भिंतीवरची बंदूक बघून खूश होतो. परवाना मागणाऱ्याला कलेक्टर कचेरीत किंवा पोलीस आयुक्तालयात जिवाला धोका दाखवावा लागतो. ही प्रतिष्ठेची हौस त्या अर्जात कुठल्याच रकान्यात लिहिलेली नसते.

गावठी पिस्तुलं घडवणाऱ्या सिकलगरांचं काय, असंही कुणी विचारेल. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात लोखंडाची कला आहे त्यांच्यावर वर्षाला चार धाडी घालून ती कला दुसरीकडं वळत नाही. लेथवर पिस्तूल बनवणारा हात पंपाचा सुटा भागही बनवू शकतो. त्याला गिऱ्हाईक आणि कर्ज मिळालं पाहिजे. पण माल उमर्टीतून निघतो तो आपल्याकडं मागणी आहे म्हणून. राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर निवडणुकीच्या दिवसांत गाड्यांच्या डिक्या उघडतात, रोकड सापडते, दारू सापडते. एरवी महाराष्ट्राचा गुन्हेगार कागलच्या पुढं आला की आमच्या पोलिसांना अनोळखी, आणि इथला तिकडं गेला की त्यांना. साठ-सत्तर वर्षं दोन राज्यं या हद्दीवरून भांडतात. जप्त पिस्तुलांच्या आणि पुंगळ्यांच्या ओरखड्यांची एकच सामाईक यादी ठेवायला त्यातला एक इंचही कुणाला सोडावा लागणार नाही.

हवालदार काका निवृत्तीनंतर बँकेत पहाऱ्याला होते, त्यासाठी त्यांनी बारा बोअरचा परवाना काढला होता. काडतुसांची त्यांची एक वही आहे, शाळेची, दोनशे पानी. घेतली किती, उडवली किती, उरली किती. तारीखवार. नोकरी सुटली, तरी बंदूक कपाटावर होती. मागच्या निवडणुकीला त्यांनी ती ठाण्यात जमा केली आणि पावती वहीत डकवली. निकाल लागून बरेच महिने झाले. परवा मी विचारलं, "काका, आणली का?" ते म्हणाले, "जायचंय की." आतून काकू म्हणाल्या, जागा तर भरली, आता कुठं ठेवणार? मी वर बघितलं. कपाटावर, भिंतीला टेकून, उन्हाळी पापडांचे दोन डबे होते.